बी-वन झालंय? मग शिकवायला लागा!

जर्मनीला सध्या माणसं हवी आहेत. नर्स हव्यात, इलेक्ट्रिशियन हवेत, बस चालवणारे हवेत, सॉफ्टवेअरवाले तर कधीपासून हवेच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे चॅन्सलर ओलाफ शोल्झ दिल्लीला आले, तेव्हा भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याचं ठरल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला होता. जूनमध्ये ‘चान्सेनकार्टे’ आलं. हे कार्ड घेऊन जर्मनीत जायचं आणि तिथे नोकरी शोधायची. कार्ड गुणांवर मिळतं आणि जर्मन येत असेल तर गुण वाढतात.

आता एवढ्या मंडळींना ‘माझं नाव अमुक, मी पुण्याहून आलो’ हे जर्मनमध्ये म्हणायला शिकवणार कोण? तुम्ही. जाणारे जातील, त्यांना निरोप द्यायला कुणीतरी मागे राहायला हवं. ही जबाबदारी तुमच्यावर येऊन पडली आहे, त्याबद्दल अभिनंदन. खालील पायऱ्या नीट पाळल्यात तर जर्मन शिक्षक म्हणून तुमचा व्यावसायिक विकास कुणीही रोखू शकणार नाही. पगाराबद्दल नंतर बोलू.

१. पात्रतेच्या नादी लागू नका.

युरोपने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या आखून दिल्या, ए-वनपासून सी-टूपर्यंत. पूर्वीची मंडळी एम.ए. करायची, शिष्यवृत्ती मिळवून वर्षभर जर्मनीत राहून यायची आणि मग दबकत दबकत वर्गात पाऊल टाकायची. तुम्ही तसं करू नका, तेवढ्यात बॅच भरून जाते. बी-वन पुरे. गोएथे संस्थेची ही परीक्षा चार भागांत असते. प्रत्येक भागात १०० पैकी ६० मिळाले की तो भाग सुटला, आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. म्हणजे वाचन, लेखन, ऐकणं सुटलंय आणि फक्त बोलणं राहिलंय, अशी तुमची अवस्था असेल तरी अडायचं कारण नाही. बोलणं शिकवता शिकवता सुधारतं असं म्हणतात.

क्लासच्या मालकांना तुमची भाषा कळण्याची शक्यता कमी असते, त्यामुळे डेमो लेक्चरला आवाज खणखणीत ठेवा. डेमोसाठी नाव-गाव-वय हाच धडा घ्या. सगळे तोच घेतात. मालकांनाही आता तो पाठ झालाय.

२. वर्ग सजवा.

एका भिंतीवर नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, दुसऱ्या भिंतीवर बर्लिनचं ब्रांडेनबुर्ग गेट, मध्ये झेंडा. झेंड्याचे पट्टे आडवे असतात: वर काळा, मग लाल, खाली सोनेरी. तेच रंग क्रम बदलून उभे लावलेत तर बेल्जियम होतं. एवढं सांभाळलंत की सांस्कृतिक वातावरण तयार झालं.

३. बॅच ओळखायला शिका.

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समोर बसलेल्यांपैकी भाषा शिकायला कुणीच आलेलं नसतं. प्रत्येकाला भाषेच्या पलीकडचं काहीतरी हवं असतं, आणि ते काय आहे हे पहिल्या तासाला ओळखणं म्हणजेच अध्यापनशास्त्र.

शाळेतली बॅच ‘स्कोअरिंग’साठी आलेली असते. आठवीत संस्कृत, जर्मन की फ्रेंच हा प्रश्न घरात टक्क्यांवर सुटतो. या मुलांच्या आयांशी व्याकरणाबद्दल बोलू नका. ‘मागच्या वर्षी किती जणांना शंभरपैकी शंभर?’ या एकाच प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा.

इंजिनीअरांची बॅच रात्री साडेआठची. हिंजवडीतून निघून, चांदणी चौकात अडकून, कोथरूडला पोचेपर्यंत नऊ वाजतात. त्यांना दर दहा मिनिटांनी एक जांभई माफ करा. मधूनच एखादा विचारेल, ‘सर, बी-वनला किती तास लागतील, एक्झॅक्ट?’ त्याच्याकडे एक्सेल शीट असते. तिच्यात न बसणारं उत्तर देऊ नका.

नर्सेसची बॅच सगळ्यात कष्टाळू. रात्रपाळी करून सकाळी येतात, वह्या व्यवस्थित ठेवतात, गृहपाठ पूर्ण असतो. त्यांना शिकवताना तुम्हाला थोडी लाज वाटू लागेल. ती दाबून ठेवा, धंद्यात उपयोगाची नाही.

आणि लग्नाची बॅच. जर्मनीत असलेल्या नवऱ्याकडे जायचं तर अनेकांना २००७ पासून व्हिसासाठी ए-वन दाखवावं लागतं. त्यामुळे लग्नाच्या तारखेआधी बस्ता, केळवणं आणि ए-वन अशी तीन कामं एकदम चालू असतात. या परीक्षेत तोंडी भागाची सुरुवात स्वतःच्या ओळखीने होते: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. मग परीक्षक एखादं नाव अक्षर अक्षर सुटं करून सांगायला लावतात आणि एखादा नंबर म्हणायला लावतात. जोश्यांच्या मुलीचं निभावतं. होणारी सून क्षीरसागर असेल तर मात्र सरावाला एक पूर्ण रविवार द्या. ‘का, एस, हा, ई, एर, एस, आ, गे, आ, एर.’ ती बिचारी पाचव्या अक्षरावर थांबून तुमच्याकडे पाहते आणि विचारते, ‘सर, सासरचं आडनाव सांगितलं तर चालेल? लेले आहे.’ पासपोर्टवर जे आहे तेच सांगावं लागेल, हे तिला हळुवारपणे समजावा. व्यवसाय विचारला की काय म्हणायचं हेही आधी ठरवून घ्या. लग्नासाठी नोकरी सोडलेली असते, आणि त्या वाक्याशी ती मराठीतही अडखळते.

४. कायम एक धडा पुढे राहा.

एकच. दोन धडे पुढे राहायची गरज नाही, त्यात झोप जाते. सध्या बऱ्याच वर्गांत ‘नेट्झवेर्क नॉय’ हे क्लेट प्रकाशनाचं पुस्तक चालतं. त्यातल्या ए-वनच्या तिसऱ्या धड्यात हॅम्बुर्ग आहे. तुम्ही हॅम्बुर्गला गेलेला नाहीत म्हणून खचून जाऊ नका. बंदर आहे, पाऊस पडतो, मासे मिळतात: रत्नागिरी डोळ्यांसमोर आणा आणि आत्मविश्वासाने सांगत राहा.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी हा या व्यवसायातला खरा धोका. ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी का, असं कुणीतरी विचारणारच. अशा वेळी अनुभवी शिक्षक एकच वाक्य वापरतात: ‘हे पुढच्या लेव्हलला येतं.’ ए-वनवाल्याला सांगा, ए-टूला येतं. ए-टूवाल्याला सांगा, बी-वनला. बी-वनवाल्याला पुढची फी भरायला लावण्याची याहून सभ्य रीत अजून निघालेली नाही. सी-वनचा विद्यार्थी चुकून तुमच्या वर्गात आलाच, तर ‘जर्मन लोक बोलताना हे पाळत नाहीत’ असं म्हणून फळा पुसायला घ्या.

५. भाषा शिकवू नका, पेपर शिकवा.

बी-वनच्या लेखनात तीन कामं असतात: मित्राला ई-मेल, एखाद्या विषयावर मत आणि शेवटी कुणाला तरी आदरपूर्वक चार ओळी. तिन्हींचे साचे छापून झेरॉक्स वाटा. मित्र घर बदलतोय, मित्राच्या पार्टीला येता आलं नाही, मित्राला भेट आवडली का, एवढ्यात जर्मन मैत्री संपते. मतासाठी ‘एका बाजूने पाहता’ आणि ‘दुसऱ्या बाजूने पाहता’ ही दोन वाक्यं पाठ करून घ्या. विषय मोबाइल असो की शाकाहार, विद्यार्थी दोन्ही बाजूंनी पाहील आणि पास होईल.

बोलण्याच्या परीक्षेत एका छोट्या विषयावर सादरीकरण असतं आणि त्यात ‘माझ्या देशातली परिस्थिती’ सांगायची असते. तेही पाठ. मग महाराष्ट्रातून दरवर्षी शेकडो उमेदवार परीक्षकांना एकाच शब्दांत सांगतात की भारत हा विविधतेचा देश आहे. परीक्षक मान डोलावतात. त्यांनाही घरी जायचं असतं.

पुढे हाच विद्यार्थी म्युनिकच्या परदेशी नागरिक कार्यालयाला परवाना वाढवून मागताना पत्राची सुरुवात ‘प्रिय आना, तुझी पार्टी कशी झाली?’ अशी करेल की काय, ही भीती मनातून काढून टाका. ते पुढच्या लेव्हलला येतं.

६. प्रमाणपत्रं जमवा.

इथून खरा व्यावसायिक विकास सुरू होतो. विकास म्हणजे पीडीएफ. ज्याच्याकडे जास्त पीडीएफ, तो जास्त विकसित.

वेबिनार निवडताना विषय पाहू नका, वेळ पाहा. शनिवारी संध्याकाळी चारचा उत्तम, कारण त्या वेळी तुम्हाला बॅच असते. लॅपटॉपवर वेबिनार आणि समोर वर्ग अशी दोन्ही कामं एकदम होतात. आत शिरल्यावर चॅटमध्ये ताबडतोब ‘पुण्याहून नमस्कार’ लिहा आणि कॅमेरा बंद करा. वक्ता विचारेल, ‘तुमच्या मते चांगला शिक्षक म्हणजे काय?’ मेंटिमीटरवर एक शब्द टाकायचा असतो. ‘प्रेरणा’ टाका. सगळे तोच टाकतात, मग पडद्यावर तो मोठ्ठा होतो आणि वक्त्याला गहिवरून येतं. ब्रेकआउट रूममध्ये ढकललं की माइक बिघडवा. समोरची नागपूरची मॅडमही माइक बिघडवूनच बसलेली असते. पाच मिनिटं दोघं शांतपणे एकमेकांची नावं वाचा. पुष्कळ ओळखी अशाच होतात.

फीडबॅक फॉर्म शेवटच्या पाच मिनिटांत येतो. तो चुकला तर सगळं मुसळ केरात, कारण प्रमाणपत्र त्यावरूनच निघतं. नाव स्वतःच टाइप करायचं असतं, काळजीपूर्वक करा. ऑनलाइन प्रमाणपत्रावर स्वतःच्याच नावाचं स्पेलिंग चुकवणारे जर्मनचे शिक्षक महाराष्ट्रात आहेत. मी नावं घेत नाही.

एका प्रशिक्षणापासून मात्र लांब राहा. गोएथे संस्थेची ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ नावाची मालिका आहे, सगळे तिला डीएलएल म्हणतात. पहिले सहा घटक पायाभूत. त्यात शिक्षकाची तयारी, भाषा कशी शिकली जाते, सराव कसे बांधायचे, धड्याचं नियोजन असलं सगळं येतं. इथपर्यंत ठीक आहे, वाचता येईल. पण प्रत्येक घटकाच्या शेवटी एक छोटा शोधप्रकल्प करावा लागतो. स्वतःच्या वर्गातला एखादा प्रश्न निवडायचा, म्हणजे ‘मुलं जोडीत बोलताना मराठीत का जातात?’ असं काहीतरी. मग त्यासाठी वर्गात बदल करून पाहायचा, काय झालं ते टिपून ठेवायचं, जमलं तर सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवायचं आणि निष्कर्ष सगळ्यांपुढे मांडायचे. हे धोकादायक आहे. तासभरात पंचेचाळीस मिनिटं आपणच बोलतो आणि उरलेल्या वेळात मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, हे अशा प्रकल्पात कागदावर येतं. एकदा कागदावर आलं की नंतर झोप लागत नाही. त्यापेक्षा पीडीएफ बरी.

७. परदेश दौऱ्याची तयारी ठेवा.

जगातल्या जर्मन शिक्षकांची मोठी परिषद साधारणपणे दर चार वर्षांनी भरते, तिला आयडीटी म्हणतात. २०१७ ला स्वित्झर्लंडच्या फ्रायबुर्गला झाली, नंतर करोनामुळे एक वर्ष लांबून २०२२ ला व्हिएन्नाला, मग २०२५ ला ल्युबेकला. तिथे जायचं तर निबंध मंजूर करून घ्या, नोंदणी फी भरा, व्हिसासाठी बँक स्टेटमेंट काढा. तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकाचं बँक स्टेटमेंट हे व्हिसा अधिकाऱ्याला निबंधापेक्षा अधिक वाचनीय वाटतं. मे महिन्यातलं पान तर कोरंच असतं.

शिष्यवृत्त्या आहेत, जर्मनीतली दोन-दोन आठवड्यांची शिक्षक प्रशिक्षणंही आहेत. ती खरोखर चांगली असतात, त्यामुळे अर्ज फार येतात. नाही मिळालं तर निराश होऊ नका. ज्यांच्या नावाने भारतातल्या सहा शहरांत जर्मन शिकवणारी भवनं उभी आहेत ते माक्स म्युलर ऋग्वेदाचे संपादक होते, संस्कृतचे जगप्रसिद्ध पंडित होते, आणि आयुष्यात एकदाही भारतात आले नाहीत. ऑक्सफर्डला बसून त्यांनी भारत समजावून सांगितला. तुम्ही कर्वेनगरमध्ये बसून जर्मनी समजावून सांगा. फिट्टंफाट.

८. सरकारी स्थैर्याचा लाभ घ्या.

२०११ मध्ये केंद्रीय विद्यालयांत जर्मन ही तिसरी भाषा म्हणून आली. सहावी ते आठवीचे हजारो विद्यार्थी ती घेऊ लागले, त्यांच्यासाठी शेकडो शिक्षक तयार झाले, प्रशिक्षणं झाली, शिक्षक स्थिरावले असं वाटलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्ष अर्धं सरलेलं असताना, केंद्राने तिसरी भाषा म्हणून जर्मन बंद केली आणि तिथे संस्कृत किंवा दुसरी भारतीय भाषा आली. त्याच महिन्यात ब्रिस्बेनच्या जी-ट्वेंटी परिषदेत आंगेला मेर्केल यांनी हा विषय पंतप्रधान मोदींकडे काढला. तुमच्या तासिकेबद्दल दोन देशांचे प्रमुख ऑस्ट्रेलियात बोलले, हा मान गणिताच्या शिक्षकाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. पुढे जर्मन ऐच्छिक विषय म्हणून राहिली.

महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागलात तर याहून वेगळी मजा आहे. जूनमध्ये मुलाखत, जुलैत रुजू, पैसे शिकवलेल्या तासांचे. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा या काळात तुम्ही शिक्षक नसता, फक्त हितचिंतक असता. दर वर्षी पुन्हा मुलाखत. तेच पॅनेल, तोच प्रश्न: ‘तुमचं जर्मनशी नातं कसं जुळलं?’ नातं तुटेपर्यंत उत्तर देत राहा.

९. विद्यार्थ्यांचे फोन घ्या.

सहा-आठ महिन्यांत तुमचे विद्यार्थी पोचलेले असतात. श्टुटगार्टच्या थंडीतून व्हिडिओ कॉल येतो. मागे स्वच्छ रस्ता, हातात कॉफी. ‘सर, इथे कुणीच तुमच्यासारखं बोलत नाही!’ त्याला धीर द्या. त्याच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमधली बोली वेगळी आहे, आणि त्या राज्यानेच १९९९ पासून अनेक वर्षं स्वतःची जाहिरात ‘आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन सोडून’ अशा थाटात चालवली होती. आपलं शासन इलेक्ट्रिशियनांना नेमकं त्याच राज्यात पाठवायला निघालं होतं. तुमची बोलण्याची परीक्षा राहिली होती ना? आता हा मुद्दा तिथेही वापरता येईल.

फोन ठेवण्याआधी तो विचारेल, ‘सर, तुम्ही कधी येताय?’ ‘बघू’ म्हणा. साडेआठची बॅच आलेली असते.

१०. बढती घ्या.

या क्षेत्रात बढतीचा राजमार्ग एकच आहे: शिकवणं सोडणं. बी-टू झालं की खराडीतली एखादी कंपनी जर्मन ग्राहकांचे मेल वाचायला ठेवते. पहिल्याच महिन्याचा पगार पाहून तुम्हाला वाटेल की चूक झाली आहे आणि कुणीतरी परत मागायला येईल. कुणी येत नाही. भाषांतराचं काम आहे, वाहन उद्योगातल्या कंपन्या आहेत. चांगला शिक्षक फार काळ शिक्षक राहत नाही, म्हणून बाजारात जागा कायम रिकाम्या असतात आणि तुमच्यासारख्यांना बी-वनवर घेतात. गेली काही वर्षं पुण्यातले क्लास असेच चालले आहेत.

यातलं काहीच पटत नसेल, आधी सी-वन करायचं असेल, डीएलएलचा एखादा घटक घ्यायचा असेल, मैत्रिणीला आपल्या तासाला मागच्या बाकावर बसवून ‘मी किती बोलते ते मोज’ असं म्हणायची तयारी असेल, आणि हे सगळं आहे त्याच तासाच्या दरात, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी नाही. तुमची बॅच कधी सुरू होते तेवढं मात्र कळवा. माझ्या भाचीला लावायची आहे.